फीवाढ आणि आमची घरची भाषा

फीवाढीवर मर्यादा आली त्या दिवशी माझी मुलगी भर दुपारी घरी आली तेव्हा तिचा आवाज पार बसला होता. दारातच तिने मला मिठी मारली आणि कशीबशी म्हणाली, "आई, लिमिट लागलं! एवढी फी नाही भरायची आता, थोडीशीच वाढ!" मला निम्मं ऐकू आलं, पण तिच्या तोंडाकडे बघून बाकीचं कळलं. मी लगेच रवा भाजायला घेतला. आमच्या घरी आनंद झाला की शिरा होतो, दुसरं काही मला सुचत नाही.

ती इथल्या, बेंगळुरूच्या, एका सरकारी विद्यापीठात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, रसायनशास्त्र घेऊन. वर्ष सुरू होता होता विद्यापीठाने फी वाढवली. शिकवण्याची फी थोडीच वाढवलेली, बाकी सगळं प्रयोगशाळा, विकास, परीक्षा, ग्रंथालय अशी नावं देऊन लावलेलं. मी इंदिरानगरातल्या एका खासगी रुग्णालयात बिलाच्या खिडकीवर बसते. एका रकमेचे तुकडे करून त्यांना निरनिराळी नावं कशी द्यायची हे मला कुणी शिकवायला नको. तो कागद बघून माझं डोकंच फिरलं. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "सरकारी हाय म्हणून घातली की गं आपण." ते शिवाजीनगरात गाड्यांच्या सीटा शिवायच्या दुकानात कामाला आहेत. पहिल्या वर्षालाच आम्ही कर्ज काढून बसलो होतो, त्यावर दुसरं कोण देणार?

मुलं प्रशासनाच्या इमारतीसमोर बसली आणि आमची लेक सगळ्यांत पुढे. मी भांडले तिच्याशी. पोलिसांनी उचललं तर, परीक्षेला बसू दिलं नाही तर, असं सगळं बोलून झालं. ती म्हणायची, "आई, आमच्या वर्गात होसकोटेकडची मुलगी आहे, तिच्या घरचे तिला परत न्यायला आलेत. आम्ही बसलो नाही तर काय होणार?" शेवटी मीच तिच्या डब्यात जास्तीच्या चपात्या घालायला लागले. भांडणही चालू आणि चपात्याही चालू. असे कितीतरी दिवस गेले आणि मग तो निर्णय आला: आधीच शिकत असलेल्या मुलांची फी ठराविक मर्यादेपेक्षा जास्त वाढवायची नाही. त्या रात्री घरात कुणी फीचा विषय काढला नाही, इतका जीव भांड्यात पडला होता.

पुढच्या आठवड्यात ती फी भरायला गेली आणि परत आली ती न भरताच. चप्पल काढून सरळ आत गेली. मी मागोमाग गेले तर म्हणाली, "लिमिट माझ्यासाठी नाही आई. मी बाहेरच्या राज्यातली आहे."

मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं खिडकीवरच्या माणसाची काहीतरी गफलत झाली असेल. आम्ही दोघंही निपाणीकडचे. माझ्या सासऱ्यांचं, त्यांच्या वडलांचं, सगळ्यांचं आयुष्य कर्नाटकात गेलेलं. मुलगी जन्मली कर्नाटकात. रेशनकार्ड इथलं, मत इथलं, शेजारची अक्का तिला आपलीच नात समजते. बाहेरची कुठून?

गडहिंग्लजमधून.

हे नीट सांगायला हवं. आमच्या भागात दोन राज्यांची हद्द म्हणजे रस्त्यातली एक पाटी. एका घरातली लेक इकडे दिलेली असते, दुसरी तिकडे. बाजार तिकडचा, डॉक्टर इकडचा. कुणी म्हणत नाही की मी आज दुसऱ्या राज्यात जाऊन कोथिंबीर आणली. माझ्या वन्सं, मालकांच्या थोरल्या बहीण, लग्न होऊन हद्दीपलीकडे महाराष्ट्रात गडहिंग्लजला गेल्या आणि तिथे मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाल्या. त्यांना मूलबाळ नाही, पुढे यजमानही गेले. आम्ही बेंगळुरूला आलो तेव्हा एका खोलीत राहत होतो, दोघंही कामावर, आणि पोरगी शाळेत जायच्या वयाची. वन्सं म्हणाल्या, "दे माझ्याकडं. माझ्याच शाळंत घालते. मराठी तरी धड येईल पोरीला." आमच्यात असं चालतं. भावाचं पोर बहिणीकडे वाढणं म्हणजे ते काही दूर पाठवणं नाही. पोरगी आठवीपर्यंत त्यांच्याकडे वाढली आणि मग इथे आली. वर्षभरात कन्नड अशी बोलायला लागली की रिक्षावाले तिला बसवनगुडीची, म्हणजे जुन्या कन्नड वस्तीतली, समजायचे.

वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेलं एक जोडपं राहतं, दोघंही आयटीतले. त्यातली बाई मला एकदा म्हणाली, "काकू, पण मराठी मीडियममध्ये कशाला घातलंत, आय मीन, काही प्लॅनिंग होतं का?" प्लॅनिंग! वन्सं होत्या आणि शाळा होती. त्यात चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, कुणी कितीही विचारलं तरी.

पण नियम असा होता की ज्यांची शाळेची ठराविक वर्षं ह्या राज्यात झाली, तेच इथले. प्रवेश घेतला तेव्हा इथल्या आणि बाहेरच्या मुलांच्या फीत सांगण्यासारखा फरक नव्हता, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही. आता मर्यादा फक्त इथल्यांना. बाहेरच्यांनी वाढलेली सगळीच्या सगळी भरायची, आणि महिनाअखेरीपर्यंत भरायची, नाहीतर नाव पटावरून कमी. ज्या मर्यादेसाठी पोरगी घसा फाडून ओरडली, ती तिच्या मैत्रिणींना लागू झाली आणि तिला नाही.

मी रजा टाकून विद्यापीठात गेले. आयुष्यभर मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसले आहे. लोक काचेला कपाळ लावून "मॅडम, काहीतरी बघा ना" म्हणतात तेव्हा मी काय तोंड करते ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी समोरच्या बाईने अगदी तेच तोंड केलं. मी वाकून, हात जोडून, कन्नडमध्ये, हिंदीमध्ये, जमेल तसं बोलत राहिले. मागची रांग कुरकुरायला लागली तरी हलले नाही. शेवटी तिलाच दया आली असावी. ती हळू आवाजात म्हणाली की एक वाट आहे. सीमेपलीकडे शिकलेली मुलं, पण ज्यांचं घर कन्नड आहे, त्यांना इथलंच धरतात. साहेबांपुढे यायचं, मुलगी तिकडे ज्यांच्याकडे राहिली त्यांना आणायचं, साहेब बोलून बघतात. घरची भाषा कुठली?

"घरी दोन्ही बोलतो," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं. बाजारातून आले की मी "स्वल्प थांब गं" म्हणते, मालक फोन ठेवताना "सरी सरी" करतात, सासूबाई देवापुढे कन्नड पदं म्हणायच्या आणि आम्हाला रागवायच्या मराठीत.

"दोन्ही असं नसतं अक्का," ती बाई म्हणाली. "एकच सांगायची."

घरी येऊन मी दोघांना सांगितलं. मुलगी म्हणाली, "खोटं सांगायचं?" मी म्हणाले, "निम्मं खरं आहे." ती म्हणाली, "आणि निम्मं?" मग माझा पारा चढला. मी म्हणाले, उरलेल्या निम्म्याची फी तू भरणार आहेस का? ती उठून आत गेली. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. दिवस थोडे होते आणि मला दुसरा रस्ता दिसत नव्हता.

वन्संना फोन करायचं धाडस मालकांना होईना. त्यांच्या अक्का म्हणजे अख्खं आयुष्य मराठी शिकवलेली बाई. पोरांचं जोडाक्षर चुकलं तरी त्यांचा जीव कासावीस व्हायचा. त्यांना कसं सांगायचं की येऊन सांगा, आमचं घर कन्नड आहे? मीच फोन लावला. मी अडखळत सगळं सांगितलं. मग वन्सं म्हणाल्या, "पोरीचं वरीस जातंय म्हणतीस, आणि मी भाषा कवटाळून बसू व्हय? येते की. कन्नड मला काय नवं हाय? निपाणीत वाढले मी." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाल्या, "तिला जेवायला घाल नीट. आवाज खोल गेलाय पोरीचा."

त्या आल्या आणि आमच्या घरात फक्त कन्नड बोलायचं ठरलं. साहेबांपुढे जीभ अडखळायला नको म्हणून. आता ऐकायला गंमत वाटेल, पण तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. मालक मीठ मागताना कन्नडमध्ये मागायचे आणि कमी पडलं की मराठीत चिडायचे. गरम तव्याला बोट लागलं की मी "आई गं" म्हणायचे आणि सगळे माझ्याकडे बघायचे. वन्सं एकट्या फर्डं बोलायच्या. मुलगी मात्र त्यांच्याशी बोलेनाशी झाली. इतर कुणाशीही ती धडाधड कन्नड बोलायची, पण आत्तीसमोर तिची जीभ वळेना. लहानपणापासून त्या दोघी मराठीतच बोलत आल्या होत्या, त्यामुळे त्या आठवड्यात दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या माना डोलवायच्या.

एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते. वन्सं पोरीच्या डोक्याला तेल लावत होत्या आणि दोघी चिडीचूप. मला एकदम रडू आलं. मी भाजी घेऊन बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला. मी देवाला मानते, पण त्या दिवशी देवाला शिव्या घातल्या, आणि त्या कुठल्या भाषेत घातल्या ते आता आठवत नाही.

सवलत मिळाली नाही, हे आधीच सांगून टाकते. पोरीचं नाव महिनाअखेरीला पटावरून गेलं. ती आता ऑनलाइन किराणा विकणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात पाकिटांवरच्या तारखा तपासते. पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घेईन म्हणते, पण नव्याने येणाऱ्यांना मर्यादाच नाही, त्यामुळे ते कसं जमणार हे तिलाही माहीत आहे. तिच्या मैत्रिणी परीक्षेला बसल्या. मला त्यांचं वाईट वाटत नाही, चांगलंही वाटत नाही. मला फक्त त्या दिवसाचं सांगायचं आहे.

साहेब मध्यमवयाचे होते. बोलण्यावरून आमच्या निपाणीजवळच्या चिक्कोडीकडचे वाटत होते, आमच्यासारखंच हेल काढून बोलणारे. माणूस वाईट नव्हता. "बसा अक्का," म्हणाले, पंखा मोठा केला, वन्संना पाणी दिलं. पुढचं सगळं बोलणं कन्नडमध्येच झालं, इथे मी मराठीत सांगते आहे.

त्यांनी आधी मला विचारलं. घरी काय बोलता? मी पाठ केलेलं म्हणून टाकलं: कन्नडच बोलतो. मालकांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. मुलीला विचारलं, ती जमिनीकडे बघत "हौदु", म्हणजे हो, म्हणाली. मग म्हणाले, मराठी शाळेत का गेली? वन्सं पुढे सरसावल्या. शाळा घराजवळची तीच होती साहेब, म्हणाल्या. लहान पोर, लांब कुठं पाठवणार? साहेबांनी मान डोलावली. त्यांनी पेन उचललं. मी मनात म्हणाले, झालं, झालं, आता लिहा.

मग पेन हातात असतानाच, सहज म्हणून त्यांनी वन्संना विचारलं, "तुम्ही तिकडं काय करत होता अक्का? नोकरी वगैरे?"

ह्याचा आम्ही कुणी विचारच केला नव्हता. आठवडाभर घरात फक्त भाषेची तयारी, आणि हा एवढा साधा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. मराठी शाळेतली मराठी शिकवणारी बाई म्हटल्यावर कोण मानेल की घर कन्नड आहे? मालक माझ्याकडे बघायला लागले. मी वन्संकडे.

वन्सं शांतपणे म्हणाल्या, "काय नाही साहेब. घरातच होते. चूल आणि मूल."

साहेब लिहायला लागले. तेवढ्यात मुलगी उभी राहिली.

"खोटं आहे," ती म्हणाली, आणि मराठीत म्हणाली. "आत्ती टीचर होती. मराठीची टीचर. मला सगळं तिनंच शिकवलंय. ती घरात नव्हती, सर, ती शाळेत होती, आयुष्यभर शाळेत होती!" तिचा बसलेला आवाज त्या खोलीत असा फाटला की दारातला शिपाई आत डोकावला.

लोक मला सांगतात की मला तिचा अभिमान वाटायला हवा. मला नाही वाटला. त्या क्षणी मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. इतके दिवस आम्ही जीव मुठीत धरून जे बांधलं ते तिने एका वाक्यात पाडलं होतं आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं की त्याला मराठी समजतं. त्याने पेन खाली ठेवलं. मी उठून त्याच्या टेबलाचा काठ धरला आणि काय काय बोलले ते मला धड आठवत नाही. पोरगी लहान आहे, तिचं डोकं ठिकाणावर नाही, तुमची मुलगी समजा. मालक माझा दंड धरून मागे ओढत होते.

तेव्हा वन्संनी मला बाजूला केलं. त्या अजूनही कन्नडच बोलत होत्या.

"पोरीचं काय ऐकता साहेब," त्या म्हणाल्या. "पोरगी खोटं बोलतीय. माझ्यावर माया हाय म्हणून मला मोठी करतीय. मी कसली शिक्षिका? मला लिहायवाचायला येत नाही. शाळेची पायरी कधी चढले नाही मी."

"आत्ती, नको गं," मुलगी म्हणाली. ती रडत होती. वन्संनी तिच्याकडे बघितलं नाही. साहेबांच्या समोर जो कागद होता त्याच्या खाली मुलगी तिकडे ज्यांच्याकडे राहिली त्या पालकाच्या सहीची जागा कोरी होती. वन्संचं अक्षर मी बघितलेलं आहे. दर संक्रांतीला त्यांचं पत्र यायचं, आणि मालक ते शेजाऱ्यांना नुसतं अक्षर बघा म्हणून दाखवायचे.

"सही येत नाही मला," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. "शाई आणा साहेब. कुठं उठवू सांगा."

साहेबांनी शाई मागवली नाही. "बेडा अक्का," ते म्हणाले, नको म्हणून, आणि मान दुसरीकडे फिरवली. मुलगी वन्संचा हात धरून खाली ओढत होती, पण वन्सं तो खाली घेत नव्हत्या.